एका धाव्याइतका वेळ

हत्ती नक्षत्र लागलं की माझा स्वभाव बिघडतो. घरातली माणसं आता ओळखून आहेत. दुपारी उकडायला लागलं, डोंगराच्या बाजूने पहिला गडगडाट आला, की मला कुणी दुसऱ्यांदा हाक मारत नाही. यंदाही तेच झालं. हळवं, लवकर पिकणारं भात कापून खळ्यात पडलेलं, त्याचा ऊबदार गोड वास घरभर, वर आभाळ अंगावर येईल असं काळं, आणि ओटीवर खांबाला टेकून माझी लेक इंदू घडाघडा धावा म्हणत होती. दोन दुपारींत पाठ केला म्हणे!

"इंदू, हा काही पाठ झाला नाही," मी म्हटलं.

"एक अक्षर चुकलं असेल तर दाखव, आई."

अक्षर एकही चुकलं नव्हतं. मी पावसाच्या आधी भात आत ओढायला उठले. हातांना काम मिळालं, पण छातीत जी धडधड सुरू झाली होती ती पाऊस पडून गेल्यावरही थांबेना. इंदूच्या जन्माआधीची गोष्ट ती. इतकी वर्षं झाली, तरी समुद्रावरून हत्तीचा पाऊस चालून येताना दिसला की मी पुन्हा त्या वाळूच्या टेकडीवर उभी असते, भोवती बायका ओरडत असतात, आणि माझा श्वास काही केल्या बसत नसतो.

धावा म्हणजे आमच्या घरच्या पोथीतल्या वीस ओव्या. एका भक्ताचं गलबत भर समुद्रात वादळात सापडतं आणि तो देवाला हाका मारतो, एवढाच मजकूर. श्रावणात सगळी पोथी वाचतात, तेव्हा ह्या ओव्या आल्या की ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. पण आमच्या घरी धावा श्रावणापुरता नव्हता. घर तांडेलाचं. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, स्वतःचा मचवा होता. नारळ-सुपारी भरून मुंबईला जायचा. सुकाणूवर मामंजी, शिडाच्या दोरीला हे, बाकी खलाशी गावातलेच. आणि घर सांभाळायला माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. पोथी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ, आणि धावा तर नुसता तोंडात नव्हता, हाडांत मुरलेला होता.

मी आले चिपळूणहून. वडिलांचं किराणामालाचं दुकान, भिंतीवर टोले देणारं घड्याळ. वाशिष्ठीला पाणी चढलं की आधी पोती माळ्यावर टाकायची आणि मागून माणसांनी चढायचं. त्यामुळे आम्हां चिपळूणकरांना प्रत्येक काम पाणी उंबऱ्याशी यायच्या आत उरकायची सवय, जेवणसुद्धा. पोथी माहेरीही होती. माझं पाठांतर ऐकायला शेजारणी यायच्या आणि पोरीची जीभ काय चालते म्हणून कानशिलांवर बोटं मोडायच्या. लग्न होऊन केळशीला आले तेव्हा बाकी काही जमो न जमो, धावा तरी मला येतो, ह्या तोऱ्यात होते.

आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात म्हणायला लावला. मी म्हटला. कुठे अडले नाही, कुठे चाचरले नाही. शेवटचा शब्द संपवून मान वर केली.

"छान आहे हो," आत्याबाई म्हणाल्या. "आता विसर."

"विसर? म्हणजे?"

"म्हणजे विसर. मग शिकवते."

असा संताप झाला होता माझा! विहिरीवर जाऊन दोन घागरी उगाचच जोरात आपटल्या. लहानपणापासून ज्याचं कौतुक झालं तेच ह्या बाईने एका शब्दात केराच्या टोपलीत टाकलं, आणि वर पुन्हा छान म्हणाली.

आमच्या भिंतीवर आता चावीचं घड्याळ आहे. ह्यांनी मुंबईहून आणलं, मीच रोज चावी देते, पण स्वयंपाकघरातून ते दिसतही नाही आणि त्याची मला गरजही पडत नाही. तेव्हा घड्याळ नव्हतंच. धावा होता. पेजेला उकळी फुटली की दोन धावे. बांगड्याचं तिखलं चुलीवर चढलं की एक धावा आणि खाली, दुसरा सुरू केलात की मासा मोडलाच. बाळंतिणीचा शेक, आजाऱ्याच्या कपाळावरची पाण्याची घडी, आटवायचा काढा, सगळं धाव्यावर. भांडणालाही धावा होता. माझी त्यांची कुरबुर झाली की आत्याबाई तोंड फिरवून ओठांतल्या ओठांत धावा म्हणत आणि तो संपल्यावर उत्तर देत. तोवर माझा राग निम्मा उतरलेला असे, आणि उरलेल्या निम्म्याला काय बोलायचं होतं ते आठवत नसे. मला ही त्यांची लबाडी वाटायची. आज मीही तेच करते आणि इंदूला ती माझी लबाडी वाटते.

मी पेज केली की हटकून कच्ची. दोनाचे तीन धावे म्हणायला हरकत नव्हती, पण ते मी लाजेने कबूल करणार नव्हते. एकदा सगळे पुरुष पानावर बसलेले असताना आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाय, तुझ्या धाव्याचा तांदूळ दाताखाली येतो गो." ह्यांना हसू आवरेना, ठसका लागला. मामंजी हसले नाहीत. त्यांनी ती कच्ची पेज निमूट संपवली, हात धुतला आणि अंगणात जाऊन समुद्राकडे तोंड करून बसले. मला वाटलं, रागावले. ते रागावले नव्हते. ते घाबरले होते, आणि का घाबरले होते ते मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही.

नंतर सांगितलं ते असं. नारळी पुनवेनंतर समुद्र उघडतो, मचवे निघतात. पण हत्तीचा पाऊस दगलबाज. सकाळी लख्ख ऊन, दुपारी आभाळ आणि पाणी एक होतं, शिडाचं टोक बघू म्हटलं तर दिसत नाही. अशा वेळी काठावरची माणसं शंख फुंकतात, म्हणजे परतणाऱ्या होड्यांना दिशा कळते. आता शंख काय आमच्याच घरी असतो? उटंबरच्या डोंगरापलीकडे फुंकतात, अंजर्ल्याला फुंकतात, आम्ही फुंकतो. वारा आवाज कुठचा कुठे नेऊन टाकतो. आणि खाडीचं मुख सोडून जरा बाजूला गेलं की पाण्याखाली खडक दबा धरून बसलेले. मग आपला शंख ओळखायचा कसा?

त्याची सोय आमच्या घरात कुणा पूर्वजाने करून ठेवली होती. काठावरच्या माणसाने एकदा शंख फुंकायचा, मग एक पुरा धावा म्हणायचा, मग पुन्हा शंख. तिकडे पाण्यात तांडेलाला शंख ऐकू आला की तोही धावा म्हणायला लागणार. त्याची विसावी ओवी संपली आणि नेमका दुसरा शंख आला, तर ते आपलं घर, वळवा. आधी आला किंवा उशिरा आला, तर ते परकं, तिकडे फिरकू नका. मचव्यावर मामंजी आणि टेकडीवर आत्याबाई, असा तो धावा कितीतरी वर्षं चालला होता. आत्याबाईंनंतर शंख माझ्या हातात यायचा होता. माझा तांदूळ कच्चा लागला तेव्हा मामंजी समुद्राकडे तोंड करून का बसले, ते मग कळलं.

बायकांनी शंख फुंकू नये असं कुणी शहाणा सांगेलही. आमच्या घरचे पुरुष समुद्रावर. मग फुंकणार कोण, मांजर?

तो सगळा पावसाळा आत्याबाईंनी मला शिकवलं. शिकवलं कसलं, छळलं! एका श्वासात एक ओवी, ओवी संपल्यावर श्वास घ्यायचा तोही मापाचा. उखळात भात कांडताना म्हण. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढताना म्हण. भूक लागलेली असताना म्हण. रडू येत असलं तर रड, पण म्हण. मी म्हणत असले की मागून मांजराच्या पावलांनी यायच्या आणि कानाशी "साप!" म्हणून ओरडायच्या. मी किंचाळून उडायची. दुसऱ्यांदा ओरडल्या तेव्हा मी हसले.

"हसलीस? हसलीस तरी चाल मोडते गो. पुन्हा पहिल्यापासून."

एकदा मी चिडून विचारलं, "देवाला काय हो फरक पडतो, हळू म्हटलं काय आणि भराभर म्हटलं काय?"

"देवाला नाय पडत," आत्याबाई म्हणाल्या. "मचव्यावरच्यांना पडतो."

मी मुसळ उचललं. पाठ होणं म्हणजे शब्द जिभेवर येणं, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. शब्द तर पोपटालाही येतात. ते शब्द आपल्या श्वासात उतरावे लागतात, पायांत उतरावे लागतात, आणि आपण घाबरलो तरी त्यांनी घाबरता कामा नये, हे ऐकायला सोपं आहे. माझं उलटं होतं. मी जरा बावरले की धावा माझ्याआधी बावरायचा. श्रावण संपला, गणपती झाले, तरी आत्याबाईंनी देव्हाऱ्यातला शंख माझ्या हाती दिला नव्हता. मचवा मुंबईला गेला आणि दसऱ्याच्या आत परत यायचा होता.

आणि नवरात्राच्या तोंडावर आत्याबाईंना हिवताप भरला.

आमच्याकडे आश्विनात हिवताप नवा नाही. एक दिवस थंडी वाजून येतो, एक दिवस सोडतो, माणूस उठून कामाला लागतं, पुन्हा येतो. त्या सकाळी त्यांना पुन्हा थंडी भरली. अंगावर होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा घातल्या, मी स्वतः वरून दाबून बसले, तरी खाट हलत होती. इतक्यात खाडीवरून निरोप आला. गावातलाच एक पडाव, म्हणजे मालाची होडी, आत आला होता आणि त्याचा तांडेल सांगत होता, की आमचा मचवा त्याच्या मागोमाग आहे, दुपारच्या भरतीला येईल. मी चुलीवर भाताचं वाढीव आधण ठेवलं. आनंद झाला होता. हे घरी येणार म्हणून वेणीसुद्धा नव्याने घातली.

उन्हं डोक्यावर यायच्या आत समुद्र दिसेनासा झाला. आधी वारा थांबला, मग क्षितिजाशी एक राखाडी पट्टा दिसला, आणि तो बघता बघता चालत आला. आला तो असा, की अंगणातून समोरचा माड दिसेना. गडगडाट वेगळा आणि समुद्राचा आवाज वेगळा कळेना. मी आत धावले. आत्याबाई उठून बसल्या होत्या. कोनाड्याला धरून उभं राहायला गेल्या आणि जागच्या जागी कोसळल्या. दात असे वाजत होते की शब्द तुटत होते.

"शंख घे."

"आत्याबाई, मला नाही जमणार."

"मला तरी कुठे जमतंय? ऐक, दात. ह्या दातांनी धावा म्हणू?" त्यांनी माझं मनगट धरलं. हात निखाऱ्यासारखा होता. "श्वास बसत नाय तोवर शंखाला तोंड लावायचं नाय. कुणी काय पण म्हणू दे. एक चुकीचा शंख गेला की तो परत बोलावता येत नाय."

मी रडायला लागले. त्या चिडल्या. "रडतेस काय! धाव्यातलं माणूस बुडत असतं, बाय. तू बुडत नायस. तू काठावर आहेस. काठावरच्यानं घाई केली तर बुडणाऱ्यानं कुणाकडे बघायचं?"

हे वाक्य मी आजवर कितीदा मनात म्हटलं असेल, त्याला गणती नाही. लेकरू तापाने फणफणलेलं असताना म्हटलंय. माहेरी पुरात घर गेलं, तिथली बातमी यायची होती तेव्हा म्हटलंय. पोथीत ते कुठे नाही, पण माझ्यापुरता पोथीचा अर्थ तोच. तेव्हा मात्र मला अर्थाबिर्थ काही सुचत नव्हतं. शंख पदराखाली धरला आणि पळत सुटले, म्हणजे जे करायचं नव्हतं नेमकं तेच केलं.

टेकडीवर बायका आधीच जमल्या होत्या. खाडीच्या मुखाशी ती वाळूची टेकडी, तिच्यावरून एरवी सगळा समुद्र हातात आल्यासारखा दिसतो. त्या दिवशी आपल्याच पायांची बोटं दिसत होती, एवढंच. पाऊस आडवा येत होता, वाळू गालांवर सपासप बसत होती. आमच्या मचव्यावरच्या सगळ्या खलाशांच्या बायका तिथे होत्या. त्यांत भागी होती. तिचा नवरा आणि पाठचा भाऊ दोघेही मचव्यावर. मला बघून तिने मागे बघितलं.

"आणि तांडेलीणबाय?"

"ताप आहे. मी आलेय."

भागीचं तोंड उतरलं. माझ्या कच्च्या पेजेची कथा गावभर झालेली होती, पाणवठ्यावर तिच्यावर हसून झालं होतं. आता कुणी हसत नव्हतं.

"मग फुंक ना! बघतेस काय? फुंक!"

माझी छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी मनात पहिली ओवी धरली. ती तोंडात येण्याआधीच दुसरी तिच्यावर चढली. थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. बायका ओरडत होत्या. भरती चढून टिपेला आली होती. मुखाशी वाळूचा बांध आहे, भरतीच्या पाण्यातच मचवा त्यावरून आत येतो. ओहोटी लागली की बांध वर येतो, आणि बाहेर राहिलेल्याला वारा खडकांकडे ढकलतो. हे मला जसं ठाऊक तसं तिथल्या प्रत्येकीला ठाऊक. आणि मी शंख छातीशी धरून गप्प उभी.

"अगो, ती फुंकत का नाय? हिला फुंकता तरी येतो का?"

"द्या तो शंख भागीकडे. ती सारखा वाजवत ठेवील. काहीतरी ऐकू जाऊ दे त्यांना!"

भागीने शंखाला हात घातला. मी सोडला नाही. तिने ओढला, मी खाली बसले, शंख पोटाशी आणि वर मी. ती माझ्या पाठीत गुद्दे मारत होती आणि रडत होती. "तुझा एकच आहे गो तिथे, माझे दोन आहेत!" चुकीचं बोलत होती, माझेही दोन होते. पण तिला सांगायला श्वास खर्च करणं परवडणारं नव्हतं. मी तशीच पालथी पडून, वाळूत तोंड घालून, मनातल्या मनात धावा सुरू केला. एका श्वासात एक ओवी. गुद्दे पडत होते. हंडा डोक्यावर आहे असं समजले. उखळात मुसळ पडतंय असं समजले. आठवी ओवी, नववी ओवी. कुठेतरी पाठीवरचे गुद्दे थांबले. विसावी ओवी आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की पाऊस आणि समुद्र ह्यांचे आवाज आता मला निरनिराळे ऐकू येतायत.

उठले. शंख फुंकला.

तो पहिला शंख गेला आणि मी धावा म्हणायला लागले, आता मोठ्याने. त्यानंतरचं सगळं एकसारखं आहे. शंख, धावा, शंख, धावा. उत्तर काही येत नव्हतं. बरोबर चाललंय की चूक, हे सांगणारं कुणी नव्हतं. पेज निदान चाखून बघता येते. मधेच वाऱ्यावरून डोंगरापलीकडचा दुसरा शंख यायचा, तो घाईघाईने वाजत होता. बायका तो ऐकून मलाही घाई कर म्हणत, "ऐक, ते बघ किती वाजवतायत!" आणि मला वाटे, इतक्या लोकांना जे कळतंय ते एकट्या आत्याबाईंना कळलं नसेल तर?

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या सगळ्या वेळात मी देवाची प्रार्थना केली नाही. तोंडात त्याचंच नाव, त्याच्याच धाव्याच्या ओव्या, आणि त्याच्याकडे काही मागायला मला सवड नव्हती. ह्यांना परत आण, असं म्हणायला गेले असते तर मन ह्यांच्याकडे गेलं असतं, आणि मन गेलं की चाल गेली. बाकीच्या बायका हात जोडून नवस बोलत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला. रडू घशाशी येई, की मी ते ओवीच्या शेवटापर्यंत दाबून धरी आणि श्वासाबरोबर गिळून टाकी. आता वाटतं, तीच प्रार्थना असेल. तेव्हा तसं मुळीच वाटलं नव्हतं. तेव्हा मी दगड झाले होते.

मग पाणी उतरायला लागलं. टेकडीच्या पायथ्याशी ओल्या वाळूची रेघ उघडी पडली, ती सगळ्यांनी पाहिली. भागी खाली बसली. तिने पदर तोंडावर घेतला.

"शीड!" कुणीतरी किंचाळलं. "शीड, गो, शीड! आपलं शीड!"

बायका उठून धावल्या. पावसात एक मळकट डाग हलत होता. मी मान वळवली नाही. माझी तेरावी ओवी अर्ध्यात होती, आणि मचवा अजून बांधाच्या बाहेर होता. चौदा, पंधरा. डोळ्यांच्या कडेने तो डाग मोठा होताना दिसत होता, डाव्या अंगाला कलताना दिसत होता, सरळ होताना दिसत होता. वीस. शंख फुंकला. पुन्हा पहिली ओवी धरली. ती संपायच्या आत बांधावर तळ घासल्याचा करकर आवाज आला, आणि मग तो आवाज थांबला. मचवा खाडीत होता.

बायका धक्क्याकडे पळाल्या. जाता जाता भागीने माझ्या पायाला हात लावला की ठेच लागून पडली, मला कळलं नाही. मी घराकडे वळले. घरी आत्याबाई एकट्या होत्या, आणि चुलीवर आधण तसंच राहिलं होतं.

वळसा घालून मागच्या दाराने आत आले, तोवर मामंजी धक्क्यावर कुणासाठी न थांबता पुढच्या दाराने आलेच होते. त्यांच्या मागून ह्यांचा आवाज ऐकू आला, अंगणात, कुणाला तरी दोरी गुंडाळायला सांगत होते, जिवंत माणसासारखा साधा आवाज. मी स्वयंपाकघराच्या दारात थबकले. मामंजी ओल्या कपड्यांनिशी आत्याबाईंच्या खाटेशी बसले होते. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांचं लांबलचक बोलणं ऐकलं नव्हतं. ते बोलत होते आणि थांबत नव्हते.

"एवढा ताप अंगात, आणि टेकडीवर उभी राहिलीस? खुळी का काय तू? दोन शंख येत होते गो. पलीकडचा मोठा, जवळचा. पोरं म्हणाली, तांडेल, तिकडे वळवा. तुझा लेकसुद्धा म्हणाला. मी दोरीला हात लावू दिला नाय. माझा धावा निम्म्यात असायचा आणि तो वाजायचा. म्हटलं, ही घाई करतेय, ही आपली नव्हे. आपली आहे ती मेली तरी घाई करायची नाय. आणि मग वारा जरा पडला आणि तुझा आला. माझी शेवटची ओवी संपली आणि आला. पुन्हा म्हटला, पुन्हा आला. डोळ्यांना काय दिसत नव्हतं. तुझा हात धरून आलो म्हण."

आत्याबाईंनी मान हलवली. "मी नव्हते."

"काय?"

"मी सकाळपासून ह्या वाकळांखाली आहे. मला उभं राहवलं नाय."

मामंजींनी देव्हाऱ्यातल्या शंखाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग हळूहळू दाराकडे पाहिलं. मी तिथे उभी होते, केसांतून पाणी गळत होतं, हातात शंख होता. त्या काळी सासरा सुनेकडे बघून बोलत नसे, आणि मामंजी बोललेही नाहीत. ते उठून उभे राहिले. सुनेसाठी उठून उभं राहायचं नसतं सासऱ्याने. ते तसेच उभे राहिले, ओले, हात बाजूला सोडून, आणि मी समोर असेपर्यंत बसले नाहीत.

तेव्हा माझा श्वास सुटला. टेकडीवर ओवीमागून ओवी गिळलेलं सगळं रडू एकदम वर आलं, आणि आता ते दाबून धरायचं काही कारण नव्हतं.